रिमोट डेस्कटॉप सारखा अडखळतो: आधी काय मोजायचे, मग कोणते सेटिंग बदलायचे

रिमोट डेस्कटॉप म्हणजे घरच्या संगणकावरून ऑफिसचा संगणक चालवण्याची विंडोजची सोय. "रिमोट स्लो आहे" या तक्रारीत निदान चार वेगळे आजार लपलेले असतात. अक्षर टाइप केल्यावर ते अर्ध्या सेकंदाने उमटते. एक्सेलची शीट वरखाली केली की चित्र तुकड्यातुकड्याने येते. सगळे नीट चालू असताना स्क्रीन मधेच गोठते आणि थोड्या वेळाने "पुन्हा जोडत आहे" असा संदेश येतो. किंवा काम सुरू झाले की ठीक चालते, पण लॉगिन व्हायलाच मिनिट जाते. चारहींची कारणे वेगळी, म्हणून इलाजही वेगळे. रिमोट डेस्कटॉपच्या एक्सपिरियन्स टॅबवरच्या (चित्राच्या सजावटीच्या सेटिंगच्या) सगळ्या खुणा काढून टाकल्या तरी फरक पडत नाही असे अनेकांना वाटते. त्यांचे बरोबर असते, कारण बहुतेक वेळा दुखणे त्या टॅबवर नसतेच.

इथे नेहमीची रचना धरली आहे: ऑफिसमध्ये विंडोज १० किंवा ११ प्रो असलेला संगणक, त्यावर टॅली, एक्सेल आणि करभरणीचे सॉफ्टवेअर, घरी लॅपटॉप, मध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत जाणारा सुरक्षित बोगदा. लॅपटॉपवर विंडोज होम असली तरी जोडणी करता येते. मात्र ज्या संगणकावर जोडायचे त्यावर होम चालत नाही, प्रोच लागते.

आधी मोजणी

जोडणी पूर्ण स्क्रीनवर असताना वर जी निळी पट्टी येते तिच्यावर सिग्नलच्या दांड्यांचे चिन्ह असते. त्यावर क्लिक करा. जोडणीचा दर्जा कसा आहे आणि यूडीपी (डेटा पाठवण्याची एक पद्धत, तिच्याबद्दल पुढे) चालू आहे की नाही, हे तिथे कळते. ही नोंद करून ठेवा, पुढे लागणार आहे.

खरी माहिती ऑफिसच्या संगणकावर मिळते. तिथे परफॉर्मन्स मॉनिटर (विंडोजमधलेच मोजणीचे साधन) उघडा, हिरव्या अधिक चिन्हावर क्लिक करा आणि "रिमोटएफएक्स ग्राफिक्स" या गटातले हे काउंटर, म्हणजे मोजले जाणारे आकडे, घ्या: सेकंदाला आत आलेल्या फ्रेम (फ्रेम म्हणजे स्क्रीनचे एक चित्र), सेकंदाला बाहेर गेलेल्या फ्रेम, सरासरी एन्कोडिंग वेळ (चित्र पाठवण्याजोगे करायला लागणारा), आणि "फ्रेम्स स्किप्ड" नावाचे तिन्ही काउंटर. या तिघांत गाळलेल्या फ्रेमचे कारण वेगवेगळे सांगितलेले असते. एकात नेटवर्क अपुरे पडले, दुसऱ्यात सर्व्हर म्हणजे इथे ऑफिसचा संगणक अपुरा पडला, तिसऱ्यात क्लायंट म्हणजे घरचा लॅपटॉप अपुरा पडला. शेजारच्या "रिमोटएफएक्स नेटवर्क" गटातून टीसीपी आरटीटी, यूडीपी आरटीटी आणि लॉस रेट घ्या. टीसीपी ही डेटा पाठवण्याची दुसरी पद्धत, आरटीटी म्हणजे पॅकेट (डेटाचा तुकडा) जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, आणि लॉस रेट म्हणजे वाटेत हरवलेल्या पॅकेटचे प्रमाण.

आता मोठी एक्सेल शीट उघडून मिनिटभर सतत स्क्रोल करा आणि आलेख पाहा. स्क्रीन स्थिर असताना हे आकडे जवळजवळ शून्य दिसतात. चित्र बदलले तरच आरडीपी, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा प्रोटोकॉल, काही पाठवतो, त्यामुळे शांत स्क्रीनवर घेतलेले मोजमाप निरुपयोगी. स्क्रोल करताना ज्या कारणाचा आलेख वर जातो तिथे लक्ष द्यायचे. सरासरी एन्कोडिंग वेळ ३३ मिलिसेकंदांच्या वर राहत असेल तर ऑफिसचा संगणक सेकंदाला ३० फ्रेम तयारच करू शकत नाही. मग घरी कितीही वेगवान फायबर असो, उपयोग नाही.

टाइप केलेले उशिरा उमटत असेल तर आणखी एक काउंटर जोडा: "युझर इनपुट डिले पर सेशन". विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून तो आहे. कळ दाबल्याची खबर ऑफिसच्या संगणकावर पोचल्यापासून प्रोग्रॅमने ती उचलेपर्यंत किती वेळ गेला, एवढेच तो मोजतो. हा आकडा मोठा असेल तर प्रोग्रॅम किंवा प्रोसेसर अडकला आहे. तो लहान असूनही अक्षर उशिरा येत असेल, तर उशीर वाटेत होतो आहे.

वाटेत उशीर होत असेल तर

पहिली गोष्ट लोक विसरतात ती ही की स्क्रीनचे चित्र ऑफिसकडून घराकडे येते. म्हणजे घरचा डाउनलोड वेग जितका महत्त्वाचा, तितकाच ऑफिसचा अपलोड वेग. घरी १०० एमबीपीएस आणि ऑफिसच्या जुन्या जोडणीला अपलोड २ एमबीपीएस, त्यातही तिथून एकाच वेळी तीन जण रिमोटवर, तर अडखळणारच. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनातले आकडे अंदाजाला पुरतात: हलक्या कामाला माणशी दीड एमबीपीएस, मध्यम कामाला ३, जड कामाला ५, आणि ग्राफिक्स किंवा व्हिडिओच्या कामाला १५. टॅली आणि एक्सेल दीड ते तीनमध्ये बसतात.

वेग पुरेसा असूनही उशीर होत असेल तर लाइन तुंबते का ते पाहा. ऑफिसच्या संगणकाला घरून सतत पिंग (उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते दाखवणारी कमांड) चालू ठेवा आणि ऑफिसमध्ये काहीच अपलोड होत नसताना आकडा बघा. मग बॅकअप, वनड्राइव्हचे सिंक किंवा सीसीटीव्हीचे क्लाउड रेकॉर्डिंग चालू असताना पुन्हा बघा. २० मिलिसेकंदांचे ३०० झाले तर राउटरपाशी पॅकेटची रांग लागते आहे आणि तुमच्या कळांचे उत्तर त्या रांगेत उभे आहे. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा घालता येते, ती घाला. बॅकअप रात्री लावा. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएमची (पॅकेटची रांग सांभाळणारी) सोय असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग सोडावा लागतो, पण रांग राउटरच्या ताब्यात राहते. दर महिन्याच्या रिटर्नच्या गर्दीत ज्या ऑफिसांत रिमोट बसतो, तिथे वेग वाढवून घेण्याआधी हे एकदा करून बघावेच.

घरच्या बाजूचा तपास सोपा आहे. घरच्याच राउटरला पिंग करा. केबलवर एक मिलिसेकंदाच्या आसपास आणि चांगल्या वायफायवर दोन ते पाच दिसायला हवेत. तिथेच आकडा ८०-१०० वर उड्या मारत असेल तर दोष वायफायचा. २.४ गिगाहर्ट्झ सोडून ५ गिगाहर्ट्झवर जा. इमारतीत शेजाऱ्यांचे राउटर दाटीवाटीने असतील तर सरळ लॅनची केबल टाका. रिमोट डेस्कटॉपला वेगापेक्षा स्थिर आरटीटी जास्त हवा असतो.

अंतरावर मात्र इलाज नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला एक मिलिसेकंद. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. नुसत्या प्रकाशालाच १२५ मिलिसेकंद लागतात, आणि समुद्रातल्या केबलचा वळसा धरून प्रत्यक्षात २०० च्या वर. न्यू जर्सीहून पुण्यातल्या ऑफिसच्या संगणकावर काम करणाऱ्याने सगळी सेटिंग बदलली तरी प्रत्येक कळीमागे तेवढा उशीर राहणार. तिथे चित्र हलके करून स्क्रोल सुधारतो, टाइपिंग सुधारत नाही.

मधेच गोठणे: यूडीपी, व्हीपीएन आणि पॅकेटचा आकार

आरडीपी मुळात टीसीपीच्या ३३८९ पोर्टवर (नेटवर्कमधल्या क्रमांकित दारावर) चालतो. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेल्या ८.० आवृत्तीपासून तो चित्र आणि आवाजासाठी त्याच क्रमांकाचा यूडीपी पोर्टही वापरतो. पॅकेट गळणाऱ्या लाइनवर यूडीपी चांगला, कारण एक पॅकेट हरवले म्हणून पुढची सगळी थांबत नाहीत. पण वाटेतला फायरवॉल, व्हीपीएन किंवा राउटर यूडीपीला नीट वागवत नसेल तर नेमका तोच गोठण्याचे कारण होतो. विंडोज ११ ची २२एच२ आवृत्ती आल्यावर अशा तक्रारी फार वाढल्या होत्या आणि यूडीपी बंद केल्यावर त्या थांबत होत्या.

पारखून पाहायला घरच्या लॅपटॉपवर ग्रुप पॉलिसी एडिटर (विंडोजची आतली सेटिंग बदलण्याचे साधन) उघडा. वाट अशी: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप कनेक्शन क्लायंट. तिथे "टर्न ऑफ यूडीपी ऑन क्लायंट" एनेबल करा. लॅपटॉपवर होम असेल तर हा एडिटर मिळत नाही. तेव्हा हेच ऑफिसच्या बाजूने करा: त्याच फांदीत रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, मग कनेक्शन्स, आणि "सिलेक्ट आरडीपी ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल्स" मध्ये फक्त टीसीपी निवडा. संगणक रीस्टार्ट करून पुन्हा जोडा. निळ्या पट्टीवरच्या चिन्हात यूडीपी दिसायचा थांबला म्हणजे बदल लागू झाला.

दिवसभर काम करून बघा. गोठणे थांबले तर यूडीपी बंदच राहू द्या. काहीच फरक नसेल तर सेटिंग परत पूर्ववत करा. इंटरनेटवरचा सल्ला वाचून यूडीपी कायमचा बंद ठेवणे मला पटत नाही. मोबाइल हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याचे त्याने नुकसान होते.

उलटाही प्रकार असतो. यूडीपी हवा असून चालू होत नाही. ऑफिसच्या विंडोज फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपचे टीसीपी आणि यूडीपी असे वेगळे नियम असतात, दोन्ही सुरू हवेत, आणि व्हीपीएनच्या नियमांतही यूडीपी ३३८९ ला वाट हवी.

व्हीपीएन स्वतःच टीसीपीवर चालत असेल तर तोच मोठा दोषी धरा. आत आरडीपीचा टीसीपी, बाहेर व्हीपीएनचा टीसीपी. एक पॅकेट हरवले की बाहेरचा ते पुन्हा पाठवायला थांबतो, तेवढ्यात आतल्याला वाटते आपलेच हरवले, म्हणून तोही पुन्हा पाठवतो. किरकोळ गळतीतून काही सेकंदांचा खोळंबा असा तयार होतो. ओपनव्हीपीएन असेल तर त्याचा मोड यूडीपी करा. वायरगार्ड मुळातच यूडीपीवर चालतो. एसएसएल प्रकारच्या अनेक व्हीपीएनमध्येही यूडीपी किंवा डीटीएलएसची (यूडीपीवर चालणाऱ्या सुरक्षित पद्धतीची) निवड असते, पण ती बंद पडलेली असते.

लॉगिन होते, मग काळी स्क्रीन येते आणि जोडणी तुटते, असे वारंवार होत असेल तर पॅकेटचा आकार तपासा. आरडीपीचे यूडीपी पॅकेट जास्तीत जास्त १२३२ बाइटचे असते, त्यावर यूडीपी आणि आयपीच्या हेडरचे २८, एकूण १२६०. पिंगच्या हेडरचेही २८ च बाइट होतात, म्हणून चाचणी सोपी आहे: कमांड प्रॉम्प्टवर पिंगला "तुकडे करू नको" सांगणारा वजा एफ आणि आकाराचा वजा एल हे पर्याय द्या, आकार १२३२ ठेवा आणि पुढे ऑफिसच्या संगणकाचा व्हीपीएनमधला पत्ता लिहा. उत्तर आले तर आकाराची अडचण नाही. तुकडे करावे लागतील असा संदेश आला, किंवा लहान आकाराला उत्तर येते आणि १२३२ ला टाइमआउट होते, तर बोगदा अरुंद आहे. व्हीपीएन सर्व्हरवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) वाढवता आला तर वाढवा, नाहीतर फक्त टीसीपीवर जा. पीपीपीओई (युझरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या) ब्रॉडबँडवर मूळ एमटीयू १५०० ऐवजी १४९२ असतो, त्यात व्हीपीएनचे आवरण चढले की आणखी घटतो. लाइनचा मूळ एमटीयू बघायचा तर व्हीपीएन बंद करून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला १४७२ आणि १४६४ हे दोन आकार देऊन पाहा. पहिला अडकून दुसरा गेला तर लाइन १४९२ ची.

एक्सपिरियन्स आणि डिस्प्ले टॅब

रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडून "शो ऑप्शन्स" वर क्लिक करा. एक्सपिरियन्समध्ये मॉडेमपासून लॅनपर्यंत वेगाची यादी येते. ती निवडल्याने लाइनचा वेग बदलत नाही. कोणत्या सजावटी पाठवायच्या, एवढेच ठरते. "लॅन" निवडले की सगळ्या खुणा चालू होतात, म्हणजे कमकुवत लाइनवर उलट ओझे वाढते. आपोआप ओळखण्याचा पर्याय बहुतेकांना चालतो, पण "एस्टिमेटिंग कनेक्शन क्वालिटी" वर जोडणी अडकत असेल तर तो सोडून कमी वेगाचे ब्रॉडबँड हाताने निवडा.

मग खुणा: डेस्कटॉपची पार्श्वभूमी काढा. खिडकी ओढताना आतला मजकूर दाखवणे काढा. मेनूची ॲनिमेशन काढा. पर्सिस्टंट बिटमॅप कॅशिंग आणि तुटल्यास पुन्हा जोडणे चालू ठेवा. फॉन्ट स्मूदिंग काढायला सगळे सांगतात, आणि मराठीत काम करणाऱ्याने ते ऐकू नये. वाचणारा डेटा थोडा, आणि बदल्यात लहान आकारातली जोडाक्षरे व वेलांट्या दातेरी होऊन "ष्ट" आणि "ष्ठ" यांत फरक करता येत नाही. पावत्या तपासताना हे परवडत नाही.

रंगांची खोली १६ बिट करा, हा सल्ला विंडोज ७ च्या काळातला आहे. नव्या विंडोजच्या ग्राफिक्स पद्धतीला ३२ बिटच हवे असतात. खाली आणले तर जुन्या पद्धतीवर जाऊन ती बऱ्याचदा जास्तच डेटा खाते. त्यापेक्षा रिझोल्यूशन कमी करा, त्याचा परिणाम लगेच दिसतो. ३८४० गुणिले २१६० म्हणजे १९२० गुणिले १०८० च्या बरोबर चौपट पिक्सेल. लॅपटॉप ४के असेल तर डिस्प्लेच्या सरकपट्टीवर १९२० गुणिले १०८० ठेवा, आणि "सगळे मॉनिटर वापरा" ही खूण गरजेपुरतीच लावा.

जनरल टॅबवर "सेव्ह ॲज" करून दोन फाइली करून ठेवा: घरच्या ब्रॉडबँडची एक, मोबाइल हॉटस्पॉटची दुसरी. दर वेळी खुणा करत बसावे लागत नाही.

चित्रात जुने तुकडे राहतात, चौकोनी डाग पडतात, तर बिटमॅप कॅश बिघडलेला असतो. लॅपटॉपवर लोकल ॲपडेटामधल्या मायक्रोसॉफ्ट फोल्डरात टर्मिनल सर्व्हर क्लायंट आणि त्यात कॅश हे फोल्डर आहे. रिमोट बंद करून त्यातल्या फाइली पुसा, पुढच्या वेळी नव्या तयार होतात.

लोकल रिसोर्सेस: लॉगिनच्या उशिराचे मूळ

प्रिंटर, ड्राइव्ह, आवाज, क्लिपबोर्ड, कॅमेरा हे सगळे त्याच जोडणीतून जातात. लॅपटॉपवर वापरात नसलेले सहा प्रिंटर असतील तर लॉगिनच्या वेळी सहाही उभारले जातात. प्रिंटरची खूण काढून एकदा जोडून बघा. लॉगिन चटकन झाले तर कारण सापडले. नको असलेले प्रिंटर लॅपटॉपवरून काढा आणि मग हवा तो एक ठेवा.

"मोअर" बटणाखाली ड्राइव्ह असतात. सगळे जोडलेले असतील तर ऑफिसच्या संगणकावर "सेव्ह ॲज" ची खिडकी उघडताना किंवा एक्सप्लोरर चालवताना दर वेळी घरच्या ड्राइव्हची विचारपूस होते. लागेल तेवढा एकच ड्राइव्ह जोडा. मोठी फाइल क्लिपबोर्डवरून चिकटवू नका, ती जाईपर्यंत चित्र रखडते. व्हीपीएनमधून शेअर केलेले फोल्डर त्यासाठी बरे. आवाज लागत नसेल तर "डू नॉट प्ले" निवडा. कॉपी-पेस्ट मधेच बंद पडले तर पूर्ण लॉगआउट करू नका. ऑफिसच्या संगणकावर टास्क मॅनेजरमधून आरडीपीक्लिप ही प्रोसेस बंद करून रनमधून पुन्हा चालू करा.

संगणकाच्या नावाने जोडायला वेळ लागतो आणि आयपी पत्त्याने पटकन जोडते, असे दिसले तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. व्हीपीएनमधून ऑफिसचा डीएनएस मिळतो का ते बघा.

ऑफिसचा संगणक थकत असेल तर

एन्कोडिंग वेळ जास्त दिसली तर टास्क मॅनेजरमध्ये काय चालले आहे ते पाहा. हार्ड डिस्कवर चाललेला जुना संगणक आणि भर दुपारी सुरू होणारा अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन ही जोडी नेहमी सापडते. स्कॅनची वेळ बदला, शक्य असेल तर एसएसडी बसवा.

ग्राफिक्स कार्ड असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटरमधल्या सेशन होस्टच्या "रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट" मध्ये तीन पॉलिसी एनेबल करा: सगळ्या रिमोट सेशनला हार्डवेअर ग्राफिक्स वापरणे, एच.२६४ (व्हिडिओ लहान करून पाठवण्याची पद्धत) एव्हीसी ४४४ ला प्राधान्य, आणि एच.२६४ चे हार्डवेअर एन्कोडिंग. ४४४ चा फायदा मजकुराला होतो. साध्या ४२० मध्ये रंगाची माहिती चौपटीने कमी पाठवली जाते, त्यामुळे पांढऱ्यावरची लाल किंवा निळी बारीक अक्षरे पुसट दिसतात. ४४४ मध्ये ती स्वच्छ राहतात. चालू झाले का ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसते. मायक्रोसॉफ्ट, विंडोज, रिमोटडेस्कटॉपसर्व्हिसेस-आरडीपीकोअरटीएस या नोंदवहीत १६२ क्रमांकाच्या नोंदीत एव्हीसी उपलब्ध १ आणि प्रोफाइल २०४८ असेल तर ४४४ चालू आहे. हार्डवेअर एन्कोडिंगची माहिती १७० क्रमांकाच्या नोंदीत मिळते. प्रोसेसर जुना, कार्ड नाही, अशा संगणकावर ४४४ ची पॉलिसी लावू नका, तिचा भार प्रोसेसरवर पडतो.

त्याच ठिकाणी डब्ल्यूडीडीएम ग्राफिक्स ड्रायव्हर वापरण्याची पॉलिसी आहे, विंडोज १० च्या १९०३ पासूनची. जोडल्यावर काळी स्क्रीन येत असेल किंवा डेस्कटॉप विंडो मॅनेजर प्रोसेसर खात असेल तर ती डिसेबल करून रीस्टार्ट करा. आधी ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करून बघा, कारण मूळ दोष बहुधा तिथे असतो.

सेकंदाला ६० फ्रेमची रजिस्ट्रीतली युक्ती हिशेबाच्या कामाला लावू नये. ३० पुरतात, ६० ने एन्कोडिंग आणि डेटा दोन्ही वाढतात.

थोडा वेळ हात थांबला की तुटणे

चहा पिऊन आले की जोडणी गेलेली, असे होत असेल तर राउटर किंवा मोबाइल नेटवर्क निष्क्रिय जोडणी विसरते आहे. सेशन होस्टच्या कनेक्शन्समध्ये "कॉन्फिगर कीप-अलाइव्ह कनेक्शन इंटरव्हल" एनेबल करून १ मिनिट ठेवा. ऑफिसच्या संगणकाचा स्लीप बंद करा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर "वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या" ही खूण काढा.

३३८९ उघडा असेल तर

व्हीपीएन न लावता राउटरवरून ३३८९ थेट इंटरनेटला उघडा ठेवलेला असेल तर वेगाची तक्रार बाजूला ठेवून आधी तो बंद करा. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी नोंदवहीत ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदी पाहा. दर काही सेकंदांनी अनोळखी नावांनी प्रयत्न होताना दिसतील, आणि प्रत्येक प्रयत्नाला तुमचा संगणक उत्तर देण्यात गुंततो. मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या रिमोट डेस्कटॉपमधल्या ब्लूकीप या सुरक्षा दोषातून शिरायला तर पासवर्डचीही गरज नव्हती. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ अजून चालवणाऱ्यांनी त्याचा पॅच बसला आहे का ते आजच तपासावे. पोर्टचा क्रमांक बदलल्याने हे प्रयत्न थोडे कमी होतात, थांबत नाहीत. पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम काढा, व्हीपीएन उभारा, नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (डेस्कटॉप दिसण्याआधीच ओळख तपासणे) चालू ठेवा, आणि वरची मोजणी त्यानंतर करा.